आल्याला पहिला नंबर कसा मिळाला?

उल्हासनगर कॅम्प २ मधील आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, रसायनांच्या कपाटाच्या वर, एक तक्ता गेली काही वर्षे लटकतो आहे. शीर्षक आहे, ‘बोट लागण्यावरील उपायांचा तुलनात्मक अभ्यास’. नववीच्या मुलांनी घारापुरीच्या सहलीनंतर तो तयार केला, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडला आणि त्याला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षक दोघे होते. त्यांतला एक मी. तेव्हा त्या तक्त्यावर आज जी टीका मी करणार आहे, ती आधी माझ्यावर आहे आणि मग मुलांवर.

तक्त्यावर चार रंगांचे चार स्तंभ आहेत: आलेपाक, लिंबू हुंगणे, औषधाच्या दुकानातली गोळी आणि मनगटावर बांधायचा पट्टा. सहलीला गेलेल्या चाळीसेक मुलांपैकी ज्याने जो उपाय केला त्या स्तंभात त्याची नोंद, आणि मळमळ वा उलटी झाली की नाही ते खाली. (पट्टे नेहरू चौकाजवळच्या बाजारातले होते आणि त्यांवर ‘मेड इन यूएसए’ छापले होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, ही आद्याक्षरे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ची, असा आमच्या गावचा जुना विनोद आहे.) आलेपाक खाल्लेल्या दहा मुलांपैकी एकालाही उलटी झाली नाही. गोळी घेतलेल्यांपैकी मात्र दोघांना झाली. निष्कर्ष तळाशी लाल शाईत: ‘आले हा सर्वोत्तम उपाय. तो गोळीपेक्षा प्रभावी व स्वस्त आहे.’

बक्षीस देताना मला हा निष्कर्ष फार आवडला होता. स्वयंपाकघरातली वस्तू औषधाला हरवते, हे कुणाला आवडणार नाही? मांडणी नेटकी होती, नोंदी प्रामाणिक होत्या, मुले धीटपणे बोलली. एकच प्रश्न मी विचारला नाही: गोळी कोणी घेतली होती?

गोळी घेतली होती ती, ज्यांना बस कर्जतपर्यंत पोचायच्या आत मळमळते अशा मुलांनी. त्यांच्या आयांनी ती डबा आणि पाण्याच्या बाटलीबरोबर बांधून दिली होती. आलेपाक घेतला होता तो ज्यांना आलेपाक आवडतो त्यांनी. म्हणजे तुलना दोन उपायांची झालीच नाही, दोन प्रकारच्या मुलांची झाली. हे म्हणजे दवाखान्यात दाखल झालेले लोक आणि बागेत फिरणारे लोक मोजून, दवाखान्याने माणूस आजारी पडतो असे म्हणण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट मला त्या सहलीची छायाचित्रे पुन्हा पाहताना लक्षात आली. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर वरच्या मजल्यावर बसायचे तर थोडे जादा पैसे द्यावे लागतात. आलेपाकवाल्या मुलांचे टोळके वर, वाऱ्यात, समोर क्षितिज पाहत उभे आहे. मळमळीला भ्यालेली मुले खालच्या मजल्यावर, डिझेलच्या वासात, डोके खाली घालून बसली आहेत. मग मुलांना वाचवले ते आल्याने, की वाऱ्याने आणि क्षितिजाने?

इथे बोट का लागते हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपली भाषा या बाबतीत मोठी मार्मिक आहे. भूक लागते, ऊन लागते, दृष्ट लागते, तशी बोट ‘लागते’. जणू काही बाहेरून येऊन अंगाला चिकटते. प्रत्यक्षात भांडण आतल्या आत असते. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कसे वळते ते मेंदूला कळवतात आणि त्यांच्याजवळचे कर्णवाळूचे कण शरीर वर-खाली, पुढे-मागे कसे हलते ते कळवतात. बोटीच्या खालच्या मजल्यावर बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात, ‘समोरचे बाक स्थिर आहे.’ कान सांगतो, ‘आपण हलतो आहोत.’ या विसंगतीतून मळमळ उद्भवते, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. रीझन आणि ब्रँड यांनी १९७५ मध्ये ही कल्पना नीट मांडली. क्षितिजाकडे पाहिले की डोळ्यांची आणि कानाची साक्ष जुळते, म्हणून बरे वाटते. कानाचा वाटा किती मोठा आहे याचा पुरावा फार जुना आहे. ज्यांच्या अंतर्कर्णातील समतोलाचे इंद्रिय निकामी असते, अशा कर्णबधिर व्यक्तींना चक्कर येत नाही आणि बोटही लागत नाही, याकडे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्येच लक्ष वेधले होते.

हेलकाव्यांचा वेगही महत्त्वाचा. साधारण पाच सेकंदांत एक या संथ गतीने वर-खाली होणे सर्वांत वाईट. खुल्या समुद्रातली मोठी बोट नेमकी अशी हलते. मुंबई बंदराच्या आडोशाला लाँच चटपट डुलते, आणि तासाभरात घारापुरी येते. तेव्हा मुलांचा निष्कर्ष खरा असता तरी तो मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या पर्यटक बोटीला लागू पडला नसता.

आता आकड्यांकडे वळू. दहांपैकी शून्य, हे ऐकायला भारदस्त वाटते. समजा, आले पूर्णपणे निरुपयोगी आहे आणि त्या दिवशी काहीही केले तरी दर दहा मुलांत एकाला उलटी होणार होती. तर निवडलेल्या दहांपैकी कोणालाच उलटी न होण्याची शक्यता किती? ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.३५. आले निरुपयोगी असूनही तीन सहलींपैकी एकीत तक्ता असाच दिसला असता! वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. पिशवीत नऊ पांढरे आणि एक लाल मणी घाला. न पाहता एक काढा, रंग लिहा, मणी परत टाका. असे दहा वेळा करा. प्रत्येक गटाने असे केले की लाल मणी एकदाही न निघालेले गट किती ते मोजा. मी हे केल्यापासून मुले ‘दहांपैकी शून्य’ या शब्दांना पूर्वीइतकी भीत नाहीत.

इथवर वाचून कोणी म्हणेल, शाळकरी पोरांच्या तक्त्यावर एवढा दारूगोळा कशाला? याचे उत्तर नॉर्वेत आहे.

नॉर्वेच्या अगदी उत्तरेला आंडेनेस नावाचे गाव आहे. तिथून पर्यटक बोटीने देवमासे पाहायला जातात. या बोटींवर केलेला एक अभ्यास १९९४ मध्ये प्रवासी वैद्यकाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बोट लागण्यावरचे सात प्रचलित उपाय त्यात होते: सिनारिझीन, सिनारिझीन व डोमपेरिडोन, सायक्लिझीन, कॅफीनयुक्त डायमेनहायड्रिनेट, कॅफीनयुक्त मेक्लोझीन, कानामागे चिकटवायची स्कोपोलामीनची पट्टी, आणि आपले आले. भाग घेतला १,७४१ पर्यटकांनी, आणि कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. आमच्या मुलांची पहिली चूक इथे नाही. ज्यांना बोट लागते ते आणि ज्यांना लागत नाही ते, सातही गटांत सारखेच विखुरले गेले. पूर्ण भरलेल्या प्रश्नावल्या १,४७५ जणांकडून आल्या. उलटी झालेल्यांचे प्रमाण उपायागणिक शेकडा ४ ते १० च्या दरम्यान होते, आणि उलटी न होता अस्वस्थ वाटलेले आणखी शेकडा १६ ते २३. स्कोपोलामीनची पट्टी थोडी मागे, पण बाकीच्यांत सांगण्यासारखा फरक नाही.

आता मौज पाहा. हा निकाल आल्याचा अभिमान असणारा असा वाचतो: आले हे गोळ्यांच्या तोडीस तोड! आणि संशयी माणूस असा वाचतो: सातांपैकी एकाचाही उपयोग झाला नाही, त्या दिवसांत समुद्रच इतका होता! दोघांचेही वाचन आकड्यांशी तितकेच जुळते. कारण या अभ्यासात एक गट नव्हता. दिसायला औषध पण आत काहीच नाही, अशी लटकी गोळी घेणारा गट. सात धावपटूंची शर्यत लावली आणि सगळे जवळजवळ बरोबर पोचले. पण रस्ता उताराचा होता की चढाचा, हे कळायला साधा चालणारा माणूस शर्यतीत हवा होता. तो नव्हता. आमच्या तक्त्यातही ‘काहीच न केलेले’ हा पाचवा स्तंभ नाही.

अर्थात लटक्या गोळीचा गट ठेवणे सोपे नसते हे मान्य. पैसे मोजून देवमासे पाहायला आलेल्या माणसाला जाणूनबुजून रिकामी गोळी द्यायची, हा पेच खरा आहे. पण त्याची किंमत निष्कर्षाला मोजावी लागते, आणि ती मोजली गेल्याचे वाचकाला कळले पाहिजे. गणिताच्या शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट: सात उपायांतून दोन-दोन निवडून तुलना करायची तर जोड्या होतात २१. विसांत एकदा योगायोगाने ‘फरक’ दिसतो अशी कसोटी लावली, तर एवढ्या जोड्यांत एखादी जोडी फसवणारच. शेकडा ४ आणि शेकडा १० हे सर्वांत दूरचे दोन आकडे उचलून जाहिरात करणाऱ्याने हे विसरलेले असते.

आल्याची ख्याती मुळात १९८२ च्या एका लहानशा प्रयोगाने झाली. मोरी आणि क्लेसन या अमेरिकन संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध केला. बोट लागण्याची फार खोड असलेले ३६ विद्यार्थी, डोळ्यांना पट्टी, कललेली फिरती खुर्ची, आणि वेळ जास्तीत जास्त सहा मिनिटे. आले घेतलेल्यांपैकी निम्मे सहा मिनिटे टिकले. डायमेनहायड्रिनेट घेतलेल्यांपैकी आणि लटकी पूड घेतलेल्यांपैकी एकही टिकला नाही. इथे लटका गट होता, छान. पण गोळी दिली होती खुर्चीत बसवण्याच्या अर्धा तास आधीसुद्धा नाही. पोटातून रक्तात उतरायला गोळीला वेळ लागतो, म्हणूनच ती प्रवासाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायला सांगतात. पहिलवानाला झोपेतून उठवून आखाड्यात ढकलायचे आणि हरला म्हणून टाळ्या वाजवायच्या, त्यातला हा प्रकार झाला. शिवाय डोळे बांधून खुर्चीत गरगर फिरणे म्हणजे समुद्र नव्हे.

पुढे १९८८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी खवळलेल्या समुद्राची सवय नसलेल्या ८० नौदल छात्रांवर खरोखर समुद्रात प्रयोग केला. एक ग्रॅम आल्याने उलट्या आणि थंड घाम लक्षणीय कमी झाले; मळमळ व चक्कर कमी झाली खरी, पण तो फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. उलट १९९१ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात आल्याचा काहीच उपयोग दिसला नाही, स्कोपोलामीनचा मात्र दिसला. हे सर्व वाचून माझे मत असे झाले आहे: आले कदाचित पोटाला थोडा आधार देते, कानाच्या आणि डोळ्यांच्या भांडणात ते पडत नाही. पक्के सांगण्याइतका पुरावा नाही. आलेपाक खाण्यात मात्र तोटाही नाही, आणि बोटीवर तो मी आजही खातो.

मनगटाच्या पट्ट्याचे काय? मनगटापासून तीन बोटांवरचा बिंदू दाबला की मळमळ थांबते, अशी ती चिनी कल्पना. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील एका ब्रिटिश अभ्यासात हा पट्टा आणि लटका पट्टा यांत फरक आढळला नाही, आणि तिथेही सरस ठरले ते स्कोपोलामीनच.

गोळ्यांच्या बाबतीत पुरावा बराच बरा आहे, आणि त्याची सुरुवात एका चांगल्या निरीक्षणाने झाली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९४७ मध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईंना नवे औषध देऊन पाहत होते. बाईंनी सांगितले, पित्ताचे राहू द्या, पण ट्राममध्ये मला नेहमी मळमळते ते बंद झाले! ते औषध म्हणजे डायमेनहायड्रिनेट. गे आणि कार्लायनर या डॉक्टरांनी हे बोलणे उडवून लावले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कहून जर्मनीकडे निघालेल्या ‘जनरल बॅलू’ या लष्करी जहाजावर त्यांनी सैनिकांच्या एका गटाला औषध आणि दुसऱ्याला लटकी गोळी देऊन पाहिली, आणि औषधाच्या बाजूने स्पष्ट फरक मिळवला. अशा जुन्या गोळ्यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये घेतला. प्रत्यक्ष प्रवासात लटक्या गोळीवर शंभरांतले सुमारे २५ जण त्रासावाचून राहिले, खऱ्या गोळीवर सुमारे ४०. म्हणजे गुण आहे, पण डबीवरच्या जाहिरातीएवढा नाही. आणि गुंगी पदरात पडते ती वेगळीच. स्कोपोलामीनवरच्या १४ अभ्यासांतही (१,०२५ व्यक्ती) ते लटक्या औषधापेक्षा सरस ठरले. त्याने तोंड कोरडे पडते, नजर अंधुक होऊ शकते. हेच द्रव्य धोतऱ्यात असते हे विद्यार्थ्यांना सांगताना लगेच पुढचे वाक्यही सांगा: धोतऱ्याच्या बियांत ते किती आहे हे बाहेरून कळत नाही, आणि त्या खाऊन माणसे मरतात. मुलांना कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही.

‘जनरल बॅलू’ निघाले ते १९४७ चे वर्ष आमच्या गावाला चांगले ठाऊक आहे. फाळणीनंतरच्या त्या महिन्यांत कराचीहून सिंधी कुटुंबे बोटींनी मुंबईला आणि काठेवाडच्या बंदरांत उतरत होती. त्यांतल्या हजारोंना कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी याच छावणीचे उल्हासनगर झाले. गावाच्या पत्त्यात ‘कॅम्प’ राहिला तो तेव्हाचा. माझ्या शेजारच्या एक वृद्ध चाची लहानपणी त्या बोटीतून आल्या. तक्त्याची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्या हसल्या. बोटीवर प्रत्येक घराचा आपला उपाय होता, त्या म्हणाल्या. कोणाचे लोणचे, कोणाचे लिंबू-मीठ, कोणाचा नुसता जप. पहिल्या दिवशी सगळे ओकत होते. मुंबई आली तेव्हा बहुतेक सगळे उठून बसले होते, आणि प्रत्येक घर आपापल्या उपायाचे गुण गात होते. चाचींनी लहान वयात जे पाहिले त्याला शास्त्रात सरावणे म्हणतात. मेंदू नव्या हालचालीशी जुळवून घेतो, बहुतेकांत दोन-तीन दिवसांत. तिसऱ्या दिवशी घेतलेला कोणताही उपाय म्हणूनच रामबाण ठरतो.

सरावही सर्वांना साथ देत नाही. डार्विन ‘बीगल’वर जवळजवळ पाच वर्षे होता आणि त्याला शेवटपर्यंत बोट लागतच राहिली. बिस्किटे आणि मनुका एवढेच पोटात टिकते, असे त्याने वडिलांना कळवले होते. त्या काळातला इतका चोख निरीक्षक, पण स्वतःच्या मळमळीवर त्यालाही मनुकांपुढे काही सापडले नाही.

आता तक्त्यात मुळीच नसलेल्या एका मुलीविषयी. तिने सहलीचे पैसे भरले होते आणि दोन दिवस आधी नाव काढून घेतले. ‘सर, मला लागतंच,’ एवढेच कारण. मी दरवर्षी बस निघताना मोठ्याने विचारत असे, ‘कोणाला गाडी लागते? हात वर करा, पुढे येऊन बसा,’ आणि हात वर करणाऱ्याच्या हातात सर्वांदेखत प्लॅस्टिकची पिशवी देत असे. पाचवीपासून ती मुलगी दर सहलीला पुढच्या बाकावर पिशवी धरून बसली होती. मला वाटे, मी काळजी घेतो आहे.

१९९५ मध्ये ईडन आणि झूक या इस्रायली संशोधकांचा एक लेख प्रसिद्ध झाला. नौदलाच्या २५ छात्रांपैकी काहींना समुद्रावर जाण्यापूर्वी सांगितले गेले की तुम्हाला बोट लागण्याचा संभव कमी आहे, आणि लागलीच तरी तुमच्या कामावर परिणाम होणार नाही. बाकीच्यांना असे काही सांगितले नाही. प्रवासाअखेर पहिल्या गटाने त्रास कमी झाल्याचे सांगितले, आणि त्यांचे कामही प्रशिक्षकांना सरस वाटले. संख्या लहान आहे; नॉर्वेच्या अभ्यासाला लावलेली कात्री इथेही लावली पाहिजे, मला हा निष्कर्ष पटतो म्हणून सूट नाही. पण शिक्षकांना यातले सूत्र नवे नाही. रोझेंथाल आणि जेकबसन यांनी १९६८ मध्ये शिक्षकांच्या अपेक्षांविषयी जे मांडले आणि ज्यावर अजून वाद चालू आहे, त्याचेच हे समुद्रावरचे भावंड. लटक्या गोळीवरही चौथा हिस्सा लोक ठीक राहतात, तर लटक्या भीतीने किती जण आडवे होत असतील? त्या मुलीला बस किती लागत होती आणि माझी पिशवी किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा घारापुरीला गेलो. तक्ता मुलांनीच पुन्हा मांडला. गोळी प्रयोगात घ्यायची नाही. ज्याला डॉक्टरांनी दिली आहे त्याने ती घ्यावी आणि नोंदीबाहेर राहावे. उरलेल्यांत आलेपाक की साधी गूळवडी हे चिठ्ठीने ठरेल. वर बसायचे की खाली हेही चिठ्ठीने, आणि परतीच्या फेरीत जागांची अदलाबदल. (गूळवडीची चव लपत नाही, आपण काय खातो हे मुलांना कळणारच, हा दोष एका आठवीच्या मुलाने दाखवला, त्याला उत्तर सापडले नाही.) पिशव्या प्रत्येक बाकाखाली आधीच ठेवल्या आणि त्यांविषयी कोणी काही बोलायचे नाही असे ठरले. ती मुलगी आता दहावीत होती. ती आली. तिच्या चिठ्ठीत खालचा मजला निघाला, आणि मी माझ्या स्वभावाविरुद्ध गप्प राहिलो.

त्या दिवशी बंदरात वारा नव्हता. जाताना नाही, येताना नाही, एकालाही काही झाले नाही. नोंदवहीतले सगळे रकाने कोरे राहिले, आणि तळाशी ‘निष्कर्ष’ या शब्दापुढे मुलांनी लिहिले आहे: ‘समुद्र शांत होता.’ प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळाले नाही. परीक्षक या वेळी दुसरे होते.